चुलीवांचून पक्वान्न : अष्टागरांतील मलिदा

राजांच्या लढाया, तहनामे आणि सनदा यांवरून इतिहास लिहिण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, व तिला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या समाजानें कधीं राज्य केलें नाहीं, कोणाशीं तह केला नाहीं, आणि शतकानुशतकें आपल्याविषयीं एक ओळही लिहून ठेवली नाहीं, त्याचा इतिहास शोधावा कोठें? अशा वेळीं अभ्यासकास दप्तरखाना सोडून माजघरांत जावें लागतें. तेथें कागद सांपडत नाहींत. परात, विळी, नारळ आणि घरांतील वृद्ध स्त्रीचा हात एवढेंच साहित्य असतें. तथापि हा हात पुष्कळदां कागदाहून अधिक विश्वासू साक्षीदार ठरतो, असा आमचा अनुभव आहे.

हल्लीं अकस्मात् पाहुणे आले म्हणजे स्ट्रॉबेरीचे काप, साय आणि साखर एकत्र कालवून पांच मिनिटांत गोड पदार्थ पानांत वाढण्याची चाल शहरांतून गांवोगांवीं पोंचली आहे. चूल नको, भट्टी नको, पाक साधण्याची चिंता नको; मुलेंही खूष आणि गृहिणीही मोकळी. ही सोय नव्या काळानें दिली अशी सामान्य समजूत आहे. वास्तविक विस्तव न लावतां गोड करण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. केळ्यांचें शिकरण, गोपाळकाला, देवापुढचें पंचामृत हीं सर्व तिचींच रूपें. पण या कुळांतील सर्वांत अर्थपूर्ण पदार्थ कोणता, असें आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही अलिबागच्या किनाऱ्याकडे बोट दाखवूं. तेथील बेने इस्रायल घरांत होणारा मलिदा तो हा.

मलिद्याची कृति चार वाक्यांत सांगून संपते. पोहे धुवून, निथळून मऊ होऊं द्यावे. त्यांत ओल्या नारळाचा चव, साखर, वेलची व जायफळाची पूड घालून हलक्या हातानें कालवावें. बेदाणे आणि बदाम-पिस्त्यांचे काप पसरावे. मग ताटांत त्याची रास करून भोंवतीं खजूर, केळीं, सफरचंदें, संत्रीं अशीं पांच किंवा अधिक फळें मांडावीं. सुवासासाठीं जवळ सब्जाची डहाळी किंवा गुलाब ठेवावा. पण येथें पदार्थ पुरा होतो, विधि नव्हे. जमलेली मंडळी एलियाहू हन्नाबीचें, म्हणजे प्रेषित एलियाचें, स्तवन हिब्रूंत म्हणतात. झाडाचें फळ, जमिनीचें फळ आणि सुगंध यांवर निरनिराळे आशीर्वचन उच्चारतात. आणि मगच ताट सर्वांपुढें फिरतें. लग्न ठरलें, नवें घर घेतलें, आजारी माणूस उठून बसला, बोललेला नवस फेडावयाचा आहे, अशा प्रसंगीं हा मलिदा होतो. हिंदु घरांत सत्यनारायणाच्या पूजेचें जें स्थान, जवळजवळ तेंच येथें मलिद्याचें आहे.

हे लोक कोण, हें महाराष्ट्रीय वाचकास सविस्तर सांगण्याची गरज नसावी; तथापि नव्या पिढीसाठीं दोन शब्द लिहितों. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यास लागल्या व त्यांच्यापासून हा यहुदी समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. बुडालेल्यांना पुरल्याची जागाही नवगांवास दाखवितात. पुढें हीं कुटुंबें त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, जिल्ह्यांत गांवोगांव पसरलीं, आणि किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर झाले. तेल गाळण्याचा धंदा अनेकांनीं धरला. परंतु शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. हें नांव शेजाऱ्यांनीं सहज ठेवलेलें. पण आज तें इतिहासाचा एक उत्तम पुरावा होऊन बसलें आहे. ग्रंथ हरवले, हिब्रू भाषा विसरली, तरी शब्बाथ सुटला नाहीं, ही गोष्ट त्या दोन शब्दांत नोंदली गेली.

माजघराचा पुरावा याहूनही बोलका आहे. या समाजाच्या जुन्या सणांचीं मराठी नांवें पाहावीं : नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा. यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त झालें त्या दिवसाचा उपवास जगांतील इतर यहुदी हिब्रू तिथीनें ओळखतात; कोंकणांत तो उपवासानंतरच्या वालाच्या बिरड्यावरून ओळखला गेला. ज्यांच्यापाशीं पंचांग नव्हतें त्यांनीं स्वयंपाकघरालाच पंचांग केलें, आणि तें पंचांग सांभाळण्याचें काम अर्थातच स्त्रियांनीं केलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत कोचीनकडील यहुदी शिक्षक आले, जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनीं हिब्रू शिकविण्याची सोय केली, आणि हरवलेले ग्रंथ पुन्हां हातीं आले. मुंबईंत तर सामुएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालींच पहिलें प्रार्थनामंदिर उभारलें होतें. हाईम सामुएल किहीमकर यांनीं आपल्या समाजाचा मोठा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केला. तो तेल अवीव येथें १९३७ सालीं छापला गेला. म्हणजे कागदोपत्रीं इतिहास आला तो फार उशिरां. त्याआधीं परातीनें आपलें काम चोख बजावलें होतें.

आतां मलिद्याची परात जरा बारकाईनें पाहूं. त्याचें नांव फारसी. चोळलेलें, कुसकरलेलें असा त्या शब्दाचा अर्थ. दर्ग्यांवर गूळ-तूप घालून कुसकरलेल्या पोळीचा जो मलिदा वाटतात त्याचें व याचें नांव एकच. त्याचा जिन्नस अस्सल कोंकणी. सुदाम्याचे पोहे, कोजागिरीचे नारळाच्या पाण्यांतील पोहे, दिवाळीच्या पहाटेचे गूळपोहे आणि दूधपोहे, हा सगळा गोतावळा या ताटाच्या शेजारींच नांदतो. आणि त्यावर म्हटलें जाणारें आशीर्वचन हिब्रू. एका परातींत तीन संस्कृति अशा मिसळल्या आहेत कीं एक काढावयास गेल्यास बाकीच्या दोन सांडतील. कित्येक विद्वान् मलिद्याचा संबंध प्राचीन मंदिरांतील धान्यार्पणाशीं जोडतात. दुसरे कित्येक त्यास केवळ शेजाऱ्यांचें अनुकरण समजतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्ध्यावर थांबतात. उसना घेतलेला जिन्नस आणि जपलेला अर्थ हीं परस्परविरोधी नाहींत. परमुलखांत आलेला माणूस तेथलेंच धान्य खाणार. प्रश्न एवढाच कीं तें खातांना तो कोणाचें स्मरण करतो.

अनुकरणच असतें तर दूध किंवा दहीं या परातींत खुशाल आलें असतें, कारण दहींपोहे व दूधपोहे भोंवतालीं घरोघर होते. परंतु यहुदी धर्मनियमांप्रमाणें मांस व दूध एका जेवणांत येत नाहींत. मलिद्यांत गोडवा व ओलावा येतो तो नारळाचा. म्हणून तो कोणत्याही जेवणाबरोबर चालतो. कोंकणच्या नारळानें मोशेच्या नियमशास्त्राची सोय केली, ही गोष्ट आम्हांस मोठ्या कौतुकाची वाटते.

येथें आणखी एक विचार मनांत येतो. चुलीवांचून झालेला पदार्थ म्हणजे विस्तवावांचून झालेला पदार्थ नव्हे. भात गरम पाण्यांत भिजवावयाचा, निथळून भट्टींत भाजावयाचा आणि ऊन आहे तोंच उखळांत कांडावयाचा, तेव्हां पोहे होतात. साखरेमागें कारखान्याची भट्टी असते. विस्तव नाहींसा होत नाहीं, तो दुसऱ्याच्या घरीं जातो एवढेंच. पूर्वी हें कांडण घरच्याच स्त्रियांच्या वांट्यास येई. मग मलिदा करण्यास लागणारीं ती थोडीं मिनिटें म्हणजे आदल्या अनेक तासांच्या श्रमांचें व्याज होतें. गिरण्या आल्या, पेणचे पोहे पुड्यांतून मिळूं लागले, आणि सोय खरोखर सोय झाली. झटपट पदार्थांचें कौतुक करतांना हें विसरूं नये : कोणत्याही झटपट पदार्थामागें कोणी तरी सावकाश केलेलें काम असतेंच.

आणि हा मलिदा ज्याच्या नांवें, तो प्रेषित तर अग्नीचा. कर्मेल पर्वतावर त्यानें आकाशांतून अग्नि उतरविला, आणि शेवटीं अग्निरथाच्या दर्शनांत तो स्वर्गास गेला, अशी बायबलांत कथा आहे. अलिबागजवळ खंडाळे येथें एका खडकावर त्या रथाच्या खुणा बेने इस्रायल भाविक दाखवितात व तेथें जाऊन मलिदा करतात. तू बिश्वात, म्हणजे झाडांचें नववर्ष, हा दिवस या समाजांत एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणून पाळला गेला. ज्याची कथा अग्नीनें भरलेली, त्याला नैवेद्य मात्र थंड, ओला आणि फळांचा. असा संकेत कोणी बुद्ध्या ठरविला असेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण ही विसंगति सुंदर आहे.

फळांविषयीं आतां लिहिलें पाहिजे, कारण वादाचें खरें मूळ तेथें आहे. जुन्या ताटांत हें फळ नव्हतें, मग आज तें कां, असा आक्षेप धार्मिक घरांत नेहमीं निघतो. परंतु जुनें ताट म्हणजे कोणतें? पेरू, अननस, चिकू हीं सारीं मूळचीं अमेरिकेचीं. सोळाव्या शतकानंतर चौल-रेवदंडा व गोवा हातीं असणाऱ्या पोर्तुगीजांच्या काळांत अशीं फळें या किनाऱ्यास ओळखीचीं होऊं लागलीं. सफरचंद तर कोंकणांत पिकतच नाहीं. स्ट्रॉबेरीची गोष्ट याहून नवलाची. फ्रेझिए नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें १७१४ सालीं चिलीहून एक मोठ्या फळाची जात फ्रान्सांत नेली. उत्तर अमेरिकेच्या दुसऱ्या जातीशीं तिचा संकर होऊन आजची स्ट्रॉबेरी जन्मास आली, व ही सोयरीक दुशेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७६६ मध्यें उलगडून दाखविली. तिच्या वासावरून शास्त्रीय नांवांत अननसाचें नांव आलें. अशा रीतीनें कोंकणांत आधीं आलेल्या एका अमेरिकन पाहुण्याचें नांव दुसऱ्यास मिळालें.

हें फळ आमच्या मुलखांत रुजलें तें महाबळेश्वरीं. सर जॉन माल्कम यांनीं १८२८-२९ च्या सुमारास तेथें थंड हवेचें ठाणें वसविलें. आज ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ या नांवास २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे. महाबळेश्वरीं उगम पावणारी सावित्री पोलादपूर-महाडवरून वाहत येऊन बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते, आणि मुंबईचे साहेबलोकही पूर्वीं त्याच खाडीनें गलबतांतून वर चढून पुढें घाट गांठीत. आज आंबेनळी घाट उतरला कीं रायगड जिल्हाच लागतो. तेव्हां हें फळ अष्टागरास परकें असलें तरी शेजारचें आहे.

मग तें मलिद्याच्या ताटांत चालेल काय? यहुदी शास्त्राचें उत्तर सरळ आहे. ज्याचें खोड वर्षानुवर्षें टिकून फळ देतें तें झाडाचें फळ. तसें नसेल तें जमिनीचें फळ. या नियमानें केळें जमिनीचें ठरतें, आणि स्ट्रॉबेरीही. ज्या आशीर्वचनानें केळें खावयाचें त्याच आशीर्वचनानें स्ट्रॉबेरी. शास्त्रानें फळांची यादी दिली नाहीं, वर्ग दिले. म्हणून नव्या फळास ताटांत जागा आहे आणि विधीस धक्काही नाहीं. कोणत्याही परंपरेनें हा धडा घ्यावा असें आम्हांस वाटतें. ज्या परंपरा केवळ याद्या सांभाळतात त्या जिन्नस मिळेनासा झाला कीं थांबतात. ज्या अर्थ सांभाळतात त्या जिन्नस बदलून चालत राहतात.

आणि ही कसोटी बेने इस्रायलांस लवकरच द्यावी लागली. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झालें, आणि पुढील दोन-तीन दशकांत या समाजाचा फार मोठा भाग तिकडे गेला. ज्या भूमीची आठवण शतकानुशतकें सांभाळली, तेथेंच त्यांच्या विवाहसंबंधांच्या शुद्धतेविषयीं धर्माधिकाऱ्यांनीं शंका घेतल्या. आंदोलनें झालीं, आणि १९६४ मध्यें त्यांस पूर्ण समानतेची मान्यता मिळाली. कोंकणांत शनिवारच्या सुट्टीवरून यहुदी ठरलेल्या लोकांस यहुद्यांच्या देशांत आपण यहुदी आहों हें सिद्ध करावें लागलें, यापरतें दैवदुर्विलसित कोणतें! अशा परिस्थितींत मलिद्याचें ताट केवळ खाद्यपदार्थ राहिलें नाहीं. लोद, दिमोना, अश्दोद अशा गांवीं तें मांडलें जातें तेव्हां कोंकण व कनान या दोहोंवरचा आपला हक्क तीं माणसें एकदमच सांगत असतात.

चूल नेतां येत नाहीं; घाणा नेतां येत नाहीं; नारळाची वाडी तर मुळींच नेतां येत नाहीं. पण मूठभर पोहे, एक नारळ आणि भोंवतालच्या बाजारांतलीं पांच फळें यांवर जो विधि उभा राहतो तो कोठेंही नेतां येतो. चुलीवांचून होण्याचा गुण एरवीं सोयीचा म्हणून सांगितला जातो. स्थलांतर करणाऱ्या समाजास तो तारक ठरला.

मागें राहिलेल्यांची स्थिति मात्र निराळी आहे. अलिबागेस इस्रायल आळी आहे, तेथें मागेन अबोथ हें प्रार्थनामंदिर उभें आहे, रेवदंड्यासही मंदिर आहे; महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुद्यांस अल्पसंख्य समाज म्हणून मान्यताही दिली. परंतु सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात, आणि जेथें एके काळीं आळीच्या आळी भरलेली असे तेथें आतां दहा माणसें जमविणें हेंच अवघड काम होऊन बसलें आहे. मलिदा पंधरा मिनिटांत होतो; त्याभोंवतीं बसणारीं माणसें तितक्या झटपट होत नाहींत. शेजाऱ्यांनीं या समाजास एक नांव देऊन त्याची ओळख टिकविली होती. आतां तीं घरें रिकामीं होत असतां त्या ताटांत काय होतें, कां होतें आणि त्यावर काय म्हणत, हें ध्यानीं ठेवण्याचें कामही त्याच शेजाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे, आलें आहे.