ओल्या फडक्याची कुळकथा

हिंगोलीहून कळमनुरीकडे आणि तिथून वारंगा फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर लग्नसराईत, बॉनेट वर करून उभी असलेली अँबॅसिडर हे एके काळी नेहमीचं दृश्य होतं. वऱ्हाडी लिंबाच्या सावलीला आणि ड्रायव्हर इंजिनावर वाकलेला. हातात पाण्याचा तांब्या आणि जुन्या बनियनचा तुकडा. तुकडा भिजवायचा, थोडा पिळायचा आणि इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या पेट्रोल पंपाभोवती गुंडाळायचा. दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की गाडी चालू. फडकं तसंच पंपावर ठेवून वऱ्हाड पुढे निघायचं.

या फडक्याला शोधकर्ता नाही, पेटंट नाही. कूळ मात्र काढता येतं.

सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना पंपच नव्हता. 1908 च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये टाकी सीटखाली असे आणि पेट्रोल आपल्याच वजनाने कार्बोरेटरकडे उतरे. टाकीत पेट्रोल थोडं असताना मोठा चढ लागला की पुरवठा तुटायचा, म्हणून लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत! पुढे टाकी गाडीच्या मागच्या टोकाला गेली आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीस पडद्याचा यांत्रिक पंप रुळू लागला. कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवी, आतला पडदा वरखाली होई, पेट्रोल मागून ओढलं जाई आणि पुढे ढकललं जाई. स्वस्त, साधा आणि टिकाऊ. खोट एवढीच की तो तापणाऱ्या इंजिनालाच बोल्टने आवळलेला होता.

पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले हलके घटक 35-40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पंप ओढतो तेव्हा नळीतला दाब उतरतो, त्यामुळे उकळी आणखी लवकर येते. एकदा नळीत वाफ धरली की पडदा वाफच दाबत-सोडत बसतो आणि कार्बोरेटरला थेंब मिळत नाही. हेच व्हेपर लॉक. पेट्रोलचा बाष्पदाब मोजायची जगभर चालणारी रीड चाचणी 37.8 अंशांवर करतात. मे महिन्यात हिंगोलीत सावलीतलाच पारा त्याच्या वर असतो, बॉनेटखालचं तर विचारूच नका. आपल्या मानकांनीही हे ओळखलं होतं. बीएस-4 पेट्रोलसाठी ‘व्हेपर लॉक इंडेक्स’ची कमाल मर्यादा मे ते जुलै 750 आणि एरवी 950 अशी वेगवेगळी होती.

अँबॅसिडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची लेक. 1957 पासून 2014 पर्यंत ती इथे बनत राहिली. प्रीमियर पद्मिनी ही इटलीच्या फियाट 1100 ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. दोन्ही इंजिनं युरोपच्या हवेत जन्मली होती. मराठवाड्याचा उन्हाळा त्यांच्या पत्रिकेत नव्हता.

फडक्याची दुसरी बाजू मात्र पूर्ण इथली. छावण्यांतल्या बंगल्यांच्या दारावर पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्या असत. हैदराबाद कंटिन्जंटची अशी एक छावणी हिंगोलीलाही होती. रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळणं घरोघरी चाले आणि जीपच्या पुढे कॅनव्हासची छागल लटके. या सगळ्यांमागे गणित एकच. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला 100 कॅलरी लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी 540. ती उष्णता पाणी शेजारच्या वस्तूकडून घेतं. शिवाय हवा कोरडी असेल तर हे झपाट्याने होतं. म्हणून हा उपाय कोकणापेक्षा मराठवाड्यात जास्त लागू पडतो. अमेरिकेत याच दुखण्यावर पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायची पद्धत होती. माझ्या मते चिमट्यांनी गाडी चालू झालीच असेल, तर ती चिमटे लावण्यात गेलेल्या वेळाने.

पण फडक्याला नुसता उपाय म्हणणं म्हणजे त्याची निम्मी किंमत करणं. खरं तर ती एक तपासणी होती. गाडी तापल्यावरच मिसिंग मारते, पिकअप घेत नाही, बंद पडते, आणि गॅरेजपर्यंत ओढून आणेपर्यंत निवून शहाण्यासारखी चालते. अशा वेळी जुना वस्ताद गिऱ्हाइकाला म्हणे, “आधी तापू द्या. थंड गाडीचं काय बघू?”

तापल्यावर संशयित मोजकेच उरतात. वस्ताद कार्बोरेटरकडची नळी सोडवून बाटलीत धरी आणि पोराला सेल्फ मारायला सांगे. पेट्रोल धार धरून आलं तर पंप सुटला. फेस आला किंवा काहीच आलं नाही, तर फडकं पंपावर. पेट्रोल येतंय तरी गाडी घेत नसेल तर प्लग काढून बॉडीला टेकवायचा आणि ठिणगी बघायची. निळी आणि कडकडीत असेल तर ठीक. पिवळी, मरतुकडी असेल तर कॉइलवर संशय, नाही तर डेल्कोतल्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या, कंडेन्सरवर. तापल्यावर कॉइलच्या आतल्या तारेचं इन्सुलेशन दगा देतं. मग तेच फडकं कॉइलच्या डब्याभोवती जाई, मात्र वायरींच्या टोकांना आणि डेल्कोच्या टोपीला पाणी न लावता. ठिणगी सुधारली की चोर सापडला. पंप आणि कॉइल दोन्ही एकदम भिजवणारा नवशिका गाडी चालू करी खरी, पण बिघाड कुठे होता हे त्याला शेवटपर्यंत कळत नसे. एका वेळी एकच भाग थंड करायचा, यात सगळी विद्या होती.

फडकं हरायचं ते एका ठिकाणी. तापलेली गाडी चहापाण्याला थांबवली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं. इथे पेट्रोल कमी पडत नाही, जास्त होतं. वास येतो, प्लग ओले होतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, पंपाला हात लावायचा नाही.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. बीएस-2 देशभर 2005 मध्ये आलं, कार्बोरेटर मागे पडला आणि इंजेक्शन आलं. आता पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि ओढण्याऐवजी साधारण तीन बारच्या दाबाने ढकलतो. दाबाखाली उकळबिंदू वर सरकतो, त्यामुळे व्हेपर लॉक जवळपास संपलं. ज्यांनी हौसेने पद्मिनी जपली आहे त्यांच्यासाठी मात्र नाही. पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल मिसळलं की त्याचा बाष्पदाब उलट वाढतो.

फडक्याचा वंश तरीही चालू आहे. आजच्या गाडीत तापल्यावर दगा देणारा ओळखीचा भाग म्हणजे क्रँक सेन्सर. आतली बारीक तार गरम झाली की तुटल्यासारखी होते आणि निवली की पुन्हा जुळते. गाडी चालत्या रस्त्यावर गप्प होते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. स्कॅनर कधी पी 0335 हा कोड दाखवतो, कधी काहीच दाखवत नाही. तेव्हा जाणता मेकॅनिक सेन्सरला ड्रायरची गरम हवा देतो किंवा गाडी बंद पडताच तेवढाच भाग थंड करून बघतो.

तुमची गाडी तापल्यावरच त्रास देत असेल तर ती गॅरेजमध्ये रात्रभर ठेवून सकाळी दाखवू नका. दुपारी, चालवून, गरम असतानाच न्या. किती वेळाने बिघडते, धक्के देत बंद पडते की एकदम, आणि किती वेळाने पुन्हा सुरू होते, एवढं सांगा. तापलेल्या इंजिनावर थेट पाणी ओतू नका, आणि इंजिन पूर्ण निवल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका.