डोकेदुखीची गोळी आणि धाप

लेण्याद्रीला धाप लागली की दोष पायऱ्यांवर जातो. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, जाणारच. पण माझ्या मावशीला धाप लागली ती पायथ्याशी, पहिली पायरी चढायच्या आधी. ओझरच्या रांगेत डोकं दुखायला लागलं म्हणून बसमधल्या एका काकूंनी पर्समधून गोळी दिली होती. तासाभरात नाक गळायला लागलं, डोळे लाल झाले, छातीत शिट्टी वाजू लागली. तिला दमा आहे, पंप जवळ होता, म्हणून निभावलं. जुन्नरला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी कुठली?" काकूंकडे कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा होता, त्यावर नावाची शेवटची तीन अक्षरं. दुसरा प्रश्न आम्हाला विचित्रच वाटला: "वास येतो का तुम्हाला?" कित्येक वर्षं येत नाही. नाकात मांस वाढतं, दोनदा काढलंय.

या दोन प्रश्नांमागे शंभर वर्षं आहेत.

आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज दिसतो. त्याच्या युरोपातल्या भावंडाची साल वाळवून, कुटून एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने तापाच्या रोग्यांना दिली आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं. त्या सालीतल्या द्रव्याच्या कुळातलं ॲस्पिरिन १८९७ मध्ये बायर कंपनीत शुद्ध रूपात तयार झालं. श्रेय नक्की कुणाचं यावर वाद आहे, तो सोडून देऊ. १८९९ पासून ते विकलं जाऊ लागलं.

१९२२ मध्ये पॅरिसच्या फर्नांड विडालने (टायफॉइडची विडाल टेस्ट ज्याच्या नावाची, तोच) दमा, नाकातलं मांस आणि ॲस्पिरिन न सोसणं या तीन गोष्टी एकाच रोग्यात एकत्र असल्याचं लिहून ठेवलं. अमेरिकेत सॅमटर आणि बिअर्स यांनी १९६८ मध्ये हेच सविस्तर मांडलं आणि त्रिकुटाला नाव लागलं सॅमटरचं. मला हे अन्यायाचं वाटतं.

कारण कळायला १९७१ उजाडलं. लंडनमध्ये जॉन वेनने दाखवलं की ॲस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, म्हणून दुखणं थांबतं. पण एक रस्ता बंद केला की ट्रॅफिक दुसरीकडे वळतं. इथे ते वळतं ल्युकोट्राइनकडे, आणि ही द्रव्यं श्वासनलिका आवळतात. बहुतेकांना काही होत नाही. दमा असलेल्या मोठ्या माणसांत मात्र शंभरात साधारण ७ जणांना होतं. ही नेहमीची ॲलर्जी नव्हे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही तोच रस्ता अडवतात, त्यामुळे ब्रँड बदलून सुटका नाही. पॅरासिटामॉल तो रस्ता फारसा अडवत नाही. नेहमीच्या डोसमध्ये ते बहुतेकांना चालतं, मोठ्या डोसमध्ये काहींना तेही त्रास देतं.

गंमत म्हणजे उपायही विडालनेच करून पाहिला होता: ॲस्पिरिनच, अगदी थोडं, मग हळूहळू वाढवत. आज हे हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांच्या नजरेखाली करतात. नंतर गोळी रोज घ्यावी लागते. काही दिवस खंड पडला की सवय मोडते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.