तांदूळ, तांदुळजा आणि किन्वा

१६०९ साली लिस्बनमध्ये छापलेल्या ‘कोमेन्तारिओस रेआलेस’ या ग्रंथात इन्का गार्सिलासो दे ला वेगाने आपल्या जन्मभूमीतली, म्हणजे पेरूतली पिकं एकेक करून वर्णिली आहेत. त्याची आई इन्का राजघराण्यातली आणि वडील स्पॅनिश सरदार, त्यामुळे केचुआ आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा त्याच्या घरच्याच. किनुआ, म्हणजे आपला क्विनोआ, या धान्यापाशी आल्यावर तो सांगतो, की स्पॅनिश लोक याला ‘लहान तांदूळ’ म्हणतात, कारण दाणा आणि रंग काहीसा तसाच असतो. आज आपल्याकडे ‘क्विनोआ बरा की भात?’ असं विचारलं जातं. त्या तुलनेचा पाया असा चारशे वर्षांपूर्वीच घातला गेला.

मूळ शब्द केचुआ भाषेतला, ‘किन्वा’. ‘क’ हा उच्चार दाखवायला स्पॅनिशमध्ये जी दोन अक्षरं जोडून लिहितात, ती इंग्रजीच्या सवयीने वाचली की ‘क्वि’ होतं. मराठीतला ‘क्विनोआ’ हा असा पाकिटावरच्या अक्षरांतून आला आहे. तो कानावाटे आला असता, तर किन्वाच राहिला असता.

त्याच परिच्छेदात गार्सिलासो एक फार नेमकी गोष्ट नोंदवतो. दाणा तांदळासारखा असला तरी झाड मात्र, देठ-पान-फुलोऱ्यासकट, ‘ब्लेदो’सारखं असतं. ब्लेदो म्हणजे आपल्या माठाच्या, तांदुळज्याच्या जातीची पालेभाजी. आता आपल्याच ‘तांदुळजा’ या शब्दाकडे पाहा. तो संस्कृत ‘तण्डुलीय’वरून आला आणि तण्डुलीय आला ‘तण्डुल’वरून. म्हणजे या पालेभाजीला आपल्या पूर्वजांनीही तांदळावरूनच नाव दिलं होतं! वनस्पतिशास्त्र माठ, राजगिरा, चाकवत आणि किन्वा यांना आज एकाच कुळात घालतं. त्यातही चाकवत तर किन्वाचा सख्खा भाऊ, दोघं एकाच प्रजातीगटातले. तांदूळ मात्र गवताच्या कुळातला. दिसण्यावरून जुळवलेलं नातं असं शास्त्राने तोडलं आणि चाकवताशी नवं जोडून दिलं. किन्वाची कोवळी पानंही पेरूत भाजीसारखी खाल्ली जातात, हे मग नवलाचं वाटत नाही.

‘भात’ या शब्दाची गोष्ट निराळी. तो ‘भक्त’पासून, प्राकृतातल्या ‘भत्त’मधून आला. मूळ धातू भज्, म्हणजे वाटणं. ‘भाग’ आणि ‘भक्ती’ त्याच घरातले. भक्त म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, त्यावरून शिजवलेला तांदूळ, आणि मराठीत पुढे शेतातलं पीकसुद्धा. जो पदार्थ रोज पानात वाढला जात होता, त्यालाच अन्नाचं सामान्यनाम मिळालं. म्हणूनच ‘भात’ हा शब्द आजही इतरांना सामावून घेतो. वरीचा भात होतो, तसाच क्विनोआचाही होतो.

एखादं धान्य कुठल्या समाजाचं रोजचं अन्न आहे, हे त्याच्या अवस्थांना किती नावं आहेत यावरून कळतं, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे शेतात भात किंवा साळ, कांडल्यावर तांदूळ, तुटला की कणी, साल ते तूस, शिजल्यावर एक दाणा ते शीत, पातळ केली की पेज (संस्कृत ‘पेया’), चेपले की पोहे (‘पृथुक’), फुलवल्या की लाह्या (‘लाजा’), कुंकू लावलं की अक्षता. क्विनोआ मात्र मराठीत पाकिटापासून पानापर्यंत क्विनोआच.

तेच धान्य पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या काठी पाहा. भाजून दळलेलं पीठ ते ‘पितो’, वाफवलेले गोळे ते ‘किस्पिन्या’, दूध-चीज घालून घोटलेली लापशी ते ‘पेस्के’, रानात आपसूक उगवणारं ते ‘आयारा’. कोकाच्या पानांबरोबर चघळायची राखेची वडी ‘ल्लिप्ता’, तिच्यासाठी किन्वाचे देठही जाळले जातात. दाण्यावर रिठ्यात असतं तसलं फेस देणारं कडवट सॅपोनिन असतं, म्हणून आधी चोळून धुणं आलंच. आपल्या कोकणात तांदळाभोवती जसा संसार उभा आहे, तसाच तिथे किन्वाभोवती आहे. बोलिव्हियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किन्वाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा खरा मान या संसाराचा झाला.

पोषणाचा हिशेबही सांगायला हवा. शिजवलेल्या शंभर ग्रॅम किन्वात साधारण ४.४ ग्रॅम प्रथिनं आणि जवळजवळ ३ ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या भातात प्रथिनं २.७ ग्रॅमच्या आसपास, तंतू अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. उष्मांक जवळपास सारखेच, १२० आणि १३०. तांदळात कमी असलेलं लायसिन किन्वात चांगलं असतं, पण ते डाळीतही भरपूर असतं. म्हणून आपण भात एकटा कधी वाढतच नाही, त्याच्यावर वरण असतं. तुलना करायचीच तर किन्वाची करावी ती वरणभाताशी.

किन्वा जरूर खावा, पण त्याला भाताचा पर्याय म्हणू नये. तो दुसऱ्या एका डोंगराळ मुलखाचा भात आहे, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं जपलेल्या धान्याला त्यांनी दिलेल्या नावाने ओळखणं, हे त्यांचं देणं आपण लागतो.