नाकाची मोजपट्टी

दिवाळीच्या तोंडावर कळमनुरीच्या बाजारात उभे राहावे आणि नुसती माणसे पाहावीत. पणत्या विकणारा कुंभार, वाडीवरून आलेला आंध शेतकरी, तांड्यावरची बंजारा बाई, अत्तराची कुपी पुढे करणारा मुसलमान दुकानदार. कोणाचे नाक सरळ, कोणाचे बसके. आपल्याकडे नाकाला मान मोठा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, ही म्हण घरोघर ठाऊक आहे. पण याच नाकावरून माणसाची पायरी ठरवण्याचा खटाटोप एके काळी सरकारदरबारी झाला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्याचे पुढारी हर्बर्ट रिस्ले. १९०१ च्या खानेसुमारीचे हे प्रमुख. त्यांचा हिशेब सोपा होता. नाकाच्या रुंदीला १०० ने गुणायचे आणि उंचीने भागायचे. आकडा ७० च्या आत आला तर नाक अरुंद, ८५ च्या वर गेला तर रुंद. बंगालमधील मोजमापे १८९१ साली प्रसिद्ध करून त्यांनी सिद्धान्त मांडला, की नाक जितके रुंद तितकी जात खालची. म्हणजे समाजाने लादलेली उतरंड जणू निसर्गानेच चेहऱ्यावर कोरली होती!

या सिद्धान्ताला उत्तर दिले ते मालवणच्या मातीतील एका पंडिताने. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तेच आकडे पुन्हा तपासले. उत्तर हिंदुस्थानाबाहेर जातीची पायरी आणि नाकाचे माप यांचा मेळ बसत नाही, असे त्यांना दिसले. पुढे १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच आकड्यांचा आधार घेऊन दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे निराळ्या वंशांचे नव्हेत. ज्या मोजपट्टीने माणसाला खाली ढकलले, तीच मोजपट्टी त्यांनी साक्षीला उभी केली.

तिसरी साक्ष इरावतीबाई कर्वे यांची. त्या बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर यांची समजूत अशी, की गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ आणि त्याची खूण कवटीच्या दोन बाजूंतील फरकात सापडेल. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा व त्या फरकाचा काही संबंध नाही, असे गुरूच्या तोंडावर लिहून दिले. परक्या देशातील पंचविशीच्या आतल्या मुलीने हे करावे, याला धैर्य लागते. तेच फिशर पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या कामाला लागले. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातही मोजमापे केली. १९५१ साली वि. म. दांडेकरांबरोबर ती प्रसिद्ध केली. मोजणे त्यांनी सोडले नाही, त्यावरून माणसाची किंमत ठरवणे मात्र नाकारले.

नाकाच्या रुंदीचा संबंध हवेतील उष्णतेशी आणि ओलाव्याशी आहे, हे पुढे दिसून आले. १९७२ साली रिचर्ड लेवाँटिन यांनी रक्तातील घटकांवरून हिशेब मांडला: माणसामाणसांतील सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आत असतो.

यंदा फराळाला भावंडे जमली म्हणजे त्यांची नाके एकदा न्याहाळा. एकाला आजीचे आले असेल, दुसऱ्याला मामाचे. एका पंगतीत जर इतके फरक मावतात, तर नाकावरून जगाच्या पंगती मांडणाऱ्यांचे कुठे चुकले, ते मुलांनाही सहज समजेल.