सुसाटोच्या पुस्तिका आणि पितळी वाद्यवृंद

प्रबोधनकालीन युरोपीय संगीत आजच्या पितळी वाद्यांसाठी नव्याने बांधणे ही मूळ कृतीशी प्रतारणा होय, असा आक्षेप घेतला जातो. त्याचा निवाडा करावयाचा तर प्रथम मूळ दस्तऐवजच वाचला पाहिजे.

पूर्वी अँटवर्प नगराच्या सेवेत असलेला वादक टिलमन सुसाटो याने १५५१ साली नृत्यगतींचा एक संग्रह छापला. गोव्यात मुद्रणयंत्र आले ते त्यानंतर पाच वर्षांनी, १५५६ मध्ये. संग्रहातील चार स्वरभाग चार स्वतंत्र पुस्तिकांत आहेत. परंतु कोणता भाग कोणत्या वाद्याने वाजवावा, याविषयी आज्ञा नाही. उलट, हे संगीत सर्व वाद्यांस योग्य आहे, असा निर्वाळा मुखपृष्ठावरच आहे. वाद्यनिवडीचा अधिकार असा प्रकाशकानेच वादकांच्या स्वाधीन केला होता.

आजचा संयोजक तोच अधिकार बजावतो. दुसरा भाग तो ट्रम्पेट व हॉर्न या दोहोंसाठी लिहितो, तिसरा हॉर्न वा ट्रॉम्बोनसाठी, तळचा ट्रॉम्बोन वा ट्यूबासाठी. बी-फ्लॅट ट्रम्पेटचा भाग एक स्वर वर लिहावा लागतो. नृत्यगतींत विसावा थोडा, आणि पितळी वाद्य वाजविणाऱ्याचे ओठ लवकर थकतात. म्हणून पुनरावृत्तीच्या वेळी वादकांची अदलाबदल करावी लागते. तथापि या संगीतात मधले भागही स्वतंत्र सुरावटी असतात. ट्यूबाच्या भाराखाली त्या बुडाल्या, तर वाद्यनिवडीचा अधिकार शाबूत राहूनही कृतीची हानी होते.

व्हेनिसच्या जोव्हान्नी गाब्रिएलीचे प्रकरण निराळे आहे. १५९७ साली छापलेल्या ‘सोनाता पियान ए फोर्ते’ या रचनेत त्याने मृदू व तीव्र वादनाच्या खुणा दिल्या आणि वाद्येही सांगितली: एका वृंदात कॉर्नेटो व तीन ट्रॉम्बोन, दुसऱ्यात ‘व्हायोलिनो’ व तीन ट्रॉम्बोन. येथे स्वातंत्र्य आकुंचित होते. कॉर्नेटो हे चामड्याने मढविलेले लाकडी वाद्य. त्याच्या जागी ट्रम्पेट योजणाऱ्याने नाद आवरलाच पाहिजे. शिवाय ‘व्हायोलिनो’चा भाग आजच्या व्हायोलिनच्या आवाक्याखाली उतरतो, अर्थात तेथे व्हायोलाच अभिप्रेत आहे. स्पष्ट शब्दाचा अर्थही त्याच्या काळाला विचारूनच लावावा लागतो.

तेव्हा आक्षेप सरसकट मान्य करता येत नाही आणि सरसकट फेटाळताही येत नाही. जेथे मूळ पानाने वाद्य मोकळे ठेवले, तेथे उपलब्ध वाद्यांनी ते खुशाल वाजवावे. जेथे वाद्य नेमले, तेथे बदलाचे कारण संयोजकाने दाखवावे. स्वरभागांचा परस्परसंबंध मात्र दोन्हीकडे अबाधित राहिला पाहिजे.