मानवशास्त्रज्ञ व भाषावैज्ञानिकांचे युद्धकार्य
दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) अमेरिकी शासनाने मानवशास्त्रज्ञ व भाषावैज्ञानिकांकडून करवून घेतलेले भाषाशिक्षणाचे, समाजाभ्यासाचे व सल्ल्याचे काम.

भाषाशिक्षण : जपानी, थाई, बर्मी या भाषा जाणणारे अमेरिकी थोडे होते आणि शिकण्याची साधनेही अपुरी होती. १९४१ मध्ये ‘अमेरिकन कौन्सिल ऑफ लर्नेड सोसायटीज’ या संस्थेने सघन भाषाशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेतील आदिवासी भाषा नोंदवताना घडलेली पद्धत येथे कामी आली. लेनर्ड ब्लूमफील्ड (१८८७–१९४९) यांच्या १९४२ च्या मार्गदर्शिकेचे सांगणे असे, की मातृभाषकाला व्याकरणाची कारणे विचारू नयेत. तो बोलतो ते ऐकावे, तसेच म्हणावे, टिपून घ्यावे. वर्गात मातृभाषक वाक्य उच्चारी, विद्यार्थी ते जिभेवर बसेपर्यंत घोकत आणि रचनेची उकल भाषावैज्ञानिक करी. १९४३ पासून सैन्याच्या विशेष प्रशिक्षण योजनेतून ही पद्धत अनेक विद्यापीठांत पोहोचली. मेरी हास यांनी थाई, विल्यम कॉर्निन यांनी बर्मी, तर हेन्री होएनिग्स्वाल्ड यांनी हिंदुस्थानी शिकवणारी पुस्तके तयार केली. होएनिग्स्वाल्ड पुढे १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवण्यास आले.

समाजाभ्यास : रूथ बेनेडिक्ट (१८८७–१९४८) यांच्याकडे १९४४ मध्ये जपानी समाजाच्या अभ्यासाचे काम आले. युद्धामुळे जपानला जाणे अशक्य होते. त्यांनी जपानी चित्रपट पाहिले, साहित्याची भाषांतरे वाचली आणि अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांशी बोलून अर्थ जुळवला. यातूनच द क्रिसॅन्थेमम अँड द सोर्ड (१९४६) हा ग्रंथ झाला. मार्गारेट मीड यांनी आहारसवयींच्या राष्ट्रीय समितीचे काम पाहिले.

नैतिक प्रश्न : पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सु. १,२०,००० लोकांना १९४२ पासून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिकच होते. छावण्यांच्या प्रशासनाने मानवशास्त्रज्ञांना विश्लेषक म्हणून नेमले. तेथील माणसांच्या अडचणी ते वरपर्यंत पोहोचवत. पण ज्यांच्याशी बोलायचे ते बंदिवान आणि अहवाल मात्र त्यांना डांबणाऱ्यांच्या हाती, हा पेच सुटला नाही. अभ्यासकाला माणसे घरातले सांगतात ती विश्वासाने. तो विश्वास मोडला, की विद्येचा पायाच खचतो. फ्रान्झ बोआस (१८५८–१९४२) यांनी १९१९ मध्येच हे बजावले होते. पहिल्या महायुद्धात संशोधनाच्या आडून हेरगिरी करणाऱ्या चौघांचा त्यांनी नावे न घेता जाहीर निषेध केला. अमेरिकी मानवशास्त्र संघटनेने उलट बोआस यांच्याच निंदेचा ठराव केला. तो मागे घेतला गेला २००५ मध्ये.