फुलहॅम ते केडगांव

अमुक एकानें धर्मांतर केलें असें कानीं पडलें, कीं तो काय सोडून गेला हा प्रश्न आपल्या मनांत प्रथम उभा राहतो. त्याला काय मिळालें, हें आपण क्वचितच विचारतों. पंडिता रमाबाईंच्या बाबतींत आज हा दुसरा प्रश्न विचारून पाहूं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें आणि पत्नीनें तें धन मुलीस दिलें. पुराणें सांगत व तीर्थें हिंडत हें कुटुंब देशभर फिरलें. पुढें दक्षिणेंतील दुष्काळांत वडील, आई व थोरली बहीण अशीं तिघेंही गेलीं. उरलेलीं बहीणभावंडें पायीं भटकत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं या वीस वर्षांच्या मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं त्यांचा विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीसही पटकीनें ओढून नेलें. वयाच्या चोविसाव्या वर्षीं जवळ उरली ती एक वर्षाचीही न झालेली मनोरमा.

या दुःखाला आणखी एक दुःख जोडलेलें होतें. कलकत्त्यास धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचतांना रमाबाईंना असें दिसून आलें, कीं एरवीं एकमेकांशीं न जुळणारे शास्त्रकार स्त्रीला हीन लेखण्यांत मात्र एकमत आहेत. त्यांचा हा निष्कर्ष सर्वांस मान्य होईल असें नाहीं. परंतु ज्या विद्येनें त्यांना मान दिला, त्याच विद्येनें त्यांची आशाही हिरावून घेतली, एवढें खरें.

१८८२ सालीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापून दुसऱ्याच वर्षीं त्या वैद्यकी शिकण्यासाठीं इंग्लंडला गेल्या. कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो बेत राहिला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्यांचा मुक्काम होता. या भगिनींनीं लंडनजवळ फुलहॅम येथें चालविलेलें एक घर त्यांनीं पाहिलें. समाजानें पतित ठरविलेल्या स्त्रिया तेथें राहत, काम शिकत आणि पुढें मानानें जगत. इतकेंच नव्हे, तर त्यांतील कांहीं आपल्यासारख्या इतरांची सेवा करीत. अशा स्त्रियांना आपल्याकडे दारांतही उभें करीत नाहींत, हें रमाबाई जाणून होत्या. ही दया येथें कोठून आली, असें त्यांनीं विचारतां एका भगिनीनें त्यांना विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. स्त्रीला उचलून घेणारा कोणी आहे, ही आशा त्यांना तेथें प्रथम गवसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

तरी त्यांनीं आपली बुद्धि कोणाच्या स्वाधीन केली नाहीं. त्रैक्यादि सिद्धांतांवरून मठांतील गुरुभगिनींशीं त्यांचे तीव्र मतभेद झाले. पुढें १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांनीं वाचलें. हे गृहस्थ पाद्री असूनही स्वतःचेंच प्रवचन देतां देतां त्यांचा अंतःकरणपालट झाला होता. तें वाचून रमाबाईंना उमगलें, कीं आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा. पण ख्रिस्त अजून आपणांस भेटला नाहीं. यानंतर जो पालट झाला, त्यालाच त्या आपलें खरें नवजीवन मानीत.

या श्रद्धेची किंमतही द्यावी लागली. अमेरिकेंतील मित्रांच्या साह्यानें ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं असें ठरलें होतें. परंतु रमाबाईंच्या खोलींतील प्रार्थनेला दार उघडें असे आणि कांहीं मुली तेथें जाऊन बसत. त्यावरून गहजब झाला. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें आणि पालकांनीं मुली काढून नेल्या. या वादांत पालकांचा संशय सर्वथा निराधार होता असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली आणि १८९३ सालींच धोंडो केशव कर्वे यांची सहधर्मचारिणी झाली, हेंही विसरतां कामा नये.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळांतून वांचलेल्या रमाबाई तेथें धांवून गेल्या आणि शेंकडों निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगाचे निर्बंध होते. म्हणून केडगांवच्या माळावर विहिरी खणून मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील स्त्रियांची संख्या सुमारें दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, घाणा, छापखाना, सारें काम स्त्रियांच्या हातीं. आंधळ्या मुलींना बोटांनीं वाचावयास शिकवीत. या वस्तींतच १८९९ सालीं पतित स्त्रियांसाठीं ‘कृपासदन’ उघडलें. फुलहॅमला पाहिलेलें घर सोळा वर्षांनीं महाराष्ट्राच्या मातींत असें बांधलें गेलें.

उपाशी मुलींना अन्नाबरोबर धर्मही दिला, हा आक्षेप तेव्हां होता व आजही घेतला जातो. त्याचा विचार अवश्य व्हावा. पण त्या मुलींकडे दुसरें कोण गेलें होतें, हाही प्रश्न त्याच वेळीं विचारला पाहिजे.

अखेरचीं वर्षें रमाबाईंनीं बायबलाच्या भाषांतरांत घालविलीं. प्रचलित मराठी बायबल साध्यासुध्या बायांना कळत नाहीं, म्हणून उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळावरून सोप्या मराठींत उतरवूं लागल्या. खिळे जुळविणाऱ्या व छापणाऱ्या त्याच सदनांतील स्त्रिया. १९२१ सालीं मनोरमाही गेली, तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंचें देहावसान झालें. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. केडगांवची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुलांना आश्रय देत आहे.

रमाबाईंना काय मिळालें, याचें उत्तर त्या माळावर आहे. वडील, आई, बहीण, भाऊ, पति आणि शेवटीं कन्याही गमावलेल्या या बाईला हजारोंची आई होण्याचें बळ मिळालें. तें कोठून आलें, हें त्यांनीं स्वतः निःसंदिग्धपणें सांगून ठेविलें आहे. त्यांचा धर्म आपला नसला, तरी त्यांची ही साक्ष आदरानें ऐकून घेणें आपणां सर्वांस शक्य आहे.